बाटलीवर चौकोन नाही, म्हणून निर्धास्त? जैव उत्तेजकांचं लेबल समजून घेताना

द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. मी मावसभावाच्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. साठीच्या घरातले एक शेतकरी आत आले, पिशवीतून अर्धी वापरलेली बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि उजव्या डोळ्यावरचा रुमाल बाजूला केला. डोळा लालभडक, पापणी सुजलेली. "ह्युमिक ओतताना थेंब उडाला. आता दाखव, ह्याच्यावर तो विषाचा चौकोन कुठंय? तूच म्हणला होतास ना, हे औषध नाही, टॉनिक आहे म्हणून?"

भावानं बाटली फिरवून फिरवून पाहिली. पुढं हिरवीगार पानं, पांढऱ्या मुळ्यांचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 'सेंद्रिय'. मागं मोहरीएवढ्या अक्षरांत 'मुलांपासून दूर ठेवा'. डोळ्याबद्दल एक शब्द नाही. आम्ही आधी त्यांना मागच्या नळावर नेलं, वीस मिनिटं डोळा धुवायला लावला आणि मग तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. डोळा वाचला.

भाऊ त्यांच्याशी खोटं बोलला नव्हता. ते टॉनिकच होतं आणि कीटकनाशकांच्या बाटलीवर असतो तो रंगीत चौकोन कायद्याप्रमाणे त्यावर असायचंही कारण नव्हतं. 'चौकोन नाही' या दोन शब्दांचा अर्थ त्यांनी 'काही होत नाही' असा घेतला होता, आणि महाराष्ट्रातले बहुतेक शेतकरी तो तसाच घेतात. हा लेख त्यासाठी आहे.

टॉनिक म्हणजे नक्की काय?

दुकानात ज्याला टॉनिक म्हणतात त्याचं सरकारी नाव बायोस्टिम्युलंट, म्हणजे जैव उत्तेजक. खत ही पिकाची भाकरी. कीटकनाशक हे औषध. जिब्रेलिक आम्लासारखी संजीवकं म्हणजे संप्रेरकांची गोळी, थेट वाढीचा नळ उघडणारी किंवा बंद करणारी. जैव उत्तेजक यांतलं काहीच नाही. जेवणानंतर आपण चिमूटभर ओवा खातो, तसं ते असतं. ओव्यानं पोट भरत नाही, आजार बरा होत नाही, पण खाल्लेलं अंगी लागायला मदत होते. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आणि फुल्विक आम्ल, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, पानातून पाणी उडू नये म्हणून फवारायची द्रावणं, काही जिवंत सूक्ष्मजीव, हे सगळं याच घरातलं. पिकाला अन्नद्रव्यं नीट घेता यावीत, उन्हाचा, पाण्याच्या ताणाचा मार सोसता यावा, एवढंच त्याचं काम.

मोठा घोळ असा होता की वर्षानुवर्षं या मालाला कायद्यात घरच नव्हतं. खत म्हणावं तर अन्नद्रव्यं मोजण्यासारखी नाहीत, कीटकनाशक म्हणावं तर कीड मारत नाही. मग कोणाच्याच दारात न जाता तो विकला जायचा.

२०२१ मध्ये काय बदललं?

२३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारनं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव उत्तेजकांना त्यात जागा दिली. हा आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली येतो, त्यामुळे तो मोडला तर फौजदारी कारवाई होते. आदेशात एक नवी अनुसूची आली, सहावी. ज्या मालाचं नाव आणि प्रमाण तिच्यात आहे तोच बनवायचा, विकायचा. नाव यायचं तर कंपनीनं पुरावे द्यायचे. घटक कोणते, पीक कोणतं, मात्रा किती, तीन वेगवेगळ्या हवामानाच्या ठिकाणी घेतलेल्या चाचणीत खरंच फायदा दिसला का, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते अंगाला, डोळ्याला, पाण्याला, मधमाशीला काय करतं.

तोवर बाजारात असलेल्या मालाला तात्पुरती नोंदणी दिली गेली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली. १६ जून २०२५ ला ती संपली. त्यानंतरच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं की अशी सुमारे ३०,००० उत्पादनं वर्षानुवर्षं बिनतपासणी विकली जात होती, गेल्या चार वर्षांत ती ८,००० च्या आसपास होती आणि कडक तपासणीनंतर साधारण ६५० उरली. युरियासोबत अशा बाटल्या गळ्यात मारण्याच्या तक्रारीही याच काळात पुढं आल्या.

चर्चा झाली ती फायदा होतो की नाही याची. पैसे वाया गेले का, हा प्रश्न रास्तच आहे. पण हाताळणाऱ्याच्या अंगावर काय येतं, हा प्रश्न त्या गदारोळात मागं पडला.

धार आणि जखम

इथं दोन शब्द वेगळे करून घेऊ. घातकता आणि जोखीम. बोलताना आपण दोन्हींना 'धोका' म्हणून मोकळे होतो.

घरातली विळी आठवा. तिची धार ही तिची घातकता. ती विळीतच आहे. विळी फळीवर पडून असो की कोणी भाजी चिरत असो, धार तेवढीच. बोट कापण्याची शक्यता ही जोखीम. घडीची विळी मिटवून ठेवली तर जोखीम नगण्य, रांगतं पोर जवळ असताना उघडी ठेवली तर प्रचंड. घातकतेचं वर्गीकरण म्हणजे धारेचं मोजमाप. लेबल म्हणजे ती धार बाटलीवर लिहून ठेवणं. विळी मिटवायची कशी, हे त्या लिहिलेल्यावरून आपण ठरवायचं. धारच लिहिलेली नसेल तर माणूस विळीला पाट समजून बसतो.

चार रंग काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

आपल्या ओळखीचा चौकोन १९७१ च्या कीटकनाशक नियमांतून आला आहे. टोकावर उभा केलेला चौकोन, त्याचे दोन त्रिकोण. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्यात इशारा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यात कवटी आणि हाडं. मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा व्यापेल एवढा मोठा हवा, असंही नियमात आहे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते.

रंग कसा ठरतो? प्रयोगशाळेत उंदरांना तो पदार्थ पोटातून देतात. ज्या मात्रेत निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे 'एलडी-५०'. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा, त्यापुढं हिरवा. (त्वचेतून जाणाऱ्या मात्रेचंही असंच कोष्टक आहे, पण तत्त्व तेच.)

आता एक हिशेब करून पाहा. आपल्या जेवणातल्या मिठाचा एलडी-५० उंदरांमध्ये साधारण ३,००० आहे. म्हणजे या मोजपट्टीवर मीठ निळ्या त्रिकोणात बसेल. उलट, चुन्याचं काय? तंबाखूत मळतात, पानाला लावतात, पोटात थोडा गेला तर माणूस मरत नाही. पण पोरानं चुन्याची ट्यूब दाबली आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. डोळ्यांच्या दवाखान्यात अशी मुलं येतात, आणि पुष्कळांची नजर परत येत नाही. पोटाच्या मोजपट्टीला चुन्याची ही बाजू दिसतच नाही.

म्हणजे हा चौकोन मुख्यतः एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. एकदा अंगात गेलं तर माणूस मरेल का? डोळा जाईल का, कातडी सोलेल का, दर हंगामात हातावर पुरळ उठेल का, नाल्यातले मासे मरतील का, हे प्रश्न वेगळे आहेत. आणि जैव उत्तेजकांच्या बाबतीत खरे प्रश्न नेमके हेच आहेत. ही उत्पादनं विषारी फारशी नसतात. झोंबणारी, दाहक किंवा ॲलर्जी आणणारी मात्र असू शकतात.

वर, हा चौकोन कीटकनाशक कायद्याचा आहे. जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली, त्यामुळे त्यांना तो लागूच नाही. चौकोन नसण्याचा अर्थ 'तपासलं आणि सुरक्षित निघालं' असा होत नाही. 'हा माल त्या कायद्याखाली येत नाही', एवढाच होतो.

'पण हे तर सेंद्रिय आहे!'

हा सगळ्यात पहिला आक्षेप. दुकानात दिवसाला दहादा ऐकू येतो. ज्या गावात लोक बिब्ब्याच्या तेलानं अंगावर फोड उठलेले पाहतात, खाजकुयलीच्या वेलाला वळसा घालून जातात आणि धोतऱ्याचं बी पोरांच्या हाती लागू देत नाहीत, त्याच गावात 'सेंद्रिय' शब्द वाचला की हातमोजे बाजूला पडतात. निसर्गातून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हे आपल्या आज्या-पणज्यांनी कधी मानलं नव्हतं.

ह्युमिकचंच घ्या, कारण सर्वात जास्त खप त्याचा. ते लिग्नाइटसारख्या कच्च्या कोळशातून काढतात. त्यातलं ह्युमिक आम्ल साध्या पाण्यात उतरत नाही, म्हणून कॉस्टिक पोटॅशमध्ये म्हणजे दाहक अल्कलीत उकळून विरघळवतात. हाती येतं ते पोटॅशियम ह्युमेट. नाव आम्लाचं, पण बाटलीतलं द्रव अल्कधर्मी. सामू म्हणजे पीएच बहुधा ९ ते ११ च्या आसपास, आणि अल्कली जास्त पडली असेल तर त्याच्याही वर.

तुम्ही ह्युमिकची भुकटी बादलीत उघड्या हातानं कालवली असेल तर एक गोष्ट आठवेल. हात काळे तर होतातच, पण बुळबुळीतही होतात. साबण लागल्यासारखे, कितीही चोळले तरी निसटणारे. तो बुळबुळीतपणा ह्युमिकचा नसतो. अल्कलीनं तुमच्या कातडीवरच्या तेलाचाच साबण करायला घेतलेला असतो. हात निबर असतात म्हणून तेवढ्यावर भागतं. डोळ्याच्या बुबुळाला असलं निबर कवच नाही, आणि अल्कली आम्लापेक्षा वाईट अशासाठी की ती वरच थांबत नाही, आत उतरत जाते. त्या शेतकऱ्याच्या डोळ्यात हेच चाललं होतं. म्हणून आधी वीस मिनिटं पाणी, मग गाडी.

शेवाळाचे काही अर्क असेच अल्कलीनं काढतात. काही अमिनो उत्पादनं आम्लानं प्रथिनं तोडून बनवतात, तिथं सामू उलट्या टोकाला असू शकतो. बाटलीतल्या द्रवाला बुरशी लागू नये म्हणून परिरक्षक घालतात, अगदी कणभर. पण आयसोथायाझोलिनोन गटातली काही परिरक्षकं इतकी ॲलर्जीकारक आहेत की त्यांतल्या एका प्रसिद्ध मिश्रणाचं प्रमाण लाखात दीड भाग झालं तरी युरोपात संपूर्ण उत्पादनावर ॲलर्जीचा इशारा छापावा लागतो. आणि टॉनिकमध्ये 'सोबत सूक्ष्मअन्नद्रव्ये' असेल तर तीही आपापली धार घेऊन येतात. झिंक सल्फेट डोळ्याला गंभीर इजा करतं आणि पाण्यातल्या जीवांना अतिशय विषारी आहे. बोरिक आम्लाला युरोपनं प्रजननक्षमतेला बाधक म्हणून वर्गीकृत केलं आहे.

हे वाचून कोणी ह्युमिक फेकून देऊ नये. चुना आपण घरात ठेवतोच. फक्त तो चुना आहे हे माहीत असावं लागतं.

युरोपात बाटलीवर काय छापतात?

हा भाग आपल्या कामाचा आहे, कारण स्पेन-इटलीत बनलेला माल आपल्या दुकानांत येतो आणि त्याच्या मूळ लेबलवरची चित्रं पाहून लोक घाबरतात किंवा गोंधळतात.

तिकडं दोन नियम एकत्र चालतात. पहिला २०१९ सालचा खत-उत्पादनांचा, जो १६ जुलै २०२२ पासून लागू झाला. त्यात जैव उत्तेजकांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि जड धातूंच्या मर्यादा आहेत. कोरड्या वजनाच्या किलोमागे कॅडमियम १.५ मिलिग्रॅम, शिसं १२०, पारा १. दुसरा २००८ चा वर्गीकरण आणि लेबलचा नियम. तो टॉनिकपासून फरशी पुसायच्या द्रवापर्यंत जवळपास सगळ्या रसायनांना सारखा लागू. त्याचा पाया संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक पद्धतीवर आहे.

या दुसऱ्या नियमात घातकतेचे वेगवेगळे रकाने आहेत. गिळल्यावर, कातडीला, डोळ्याला, श्वासातून, ॲलर्जी, कर्करोग, प्रजनन, जलचर. प्रत्येकाची वेगळी पायरी. बाटलीतल्या एकेका घटकाची धार आणि प्रमाण धरून एकूण मिश्रणाचा हिशेब मांडतात. सामू ११.५ किंवा जास्त असेल, अथवा २ किंवा कमी असेल, तर उलट पुरावा नसल्यास ते द्रव कातडी जाळणारं मानायचं. मग लेबलवर चार गोष्टी येतात. चित्र, एक इशारा-शब्द, कशामुळे काय होतं याचं वाक्य, आणि काय काळजी घ्यायची याचं वाक्य. इशारा-शब्द दोनच, एक सौम्य आणि एक कडक. ह्युमिकसारख्या मालावर 'एच ३१८' असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ डोळ्याला गंभीर इजा. 'एच ३१७' म्हणजे कातडीची ॲलर्जी. भाषा स्पॅनिश असली तरी आकडा तोच, म्हणून हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

चित्रांबद्दल एक गफलत हमखास होते. या पद्धतीत प्रत्येक चित्राला लाल काठ असतो. धोका मोठा असो की छोटा, काठ लालच. आपल्याकडे लाल म्हणजे जहाल विष, अशी सवय. त्यामुळे आयात बाटलीवर लाल काठात उद्गारचिन्ह पाहून लोक 'हे तर लाल त्रिकोणाचं औषध' म्हणून परत करतात. उद्गारचिन्ह हे त्यातल्या त्यात सौम्य चित्र, डोळे चुरचुरणं किंवा ॲलर्जी वगैरे. हातावर आणि धातूवर द्रव सांडतानाचं चित्र दिसलं तर मात्र जपायचं, ते जाळणाऱ्या मालाचं. कवटी म्हणजे विष. मेलेला मासा आणि वठलेलं झाड म्हणजे उरलेलं पाणी नाल्यात ओतायचं नाही. काठ पाहू नका, आतलं चित्र पाहा.

जिवंत सूक्ष्मजीवांच्या उत्पादनांवर तिथं एक ठरावीक वाक्य छापावंच लागतं, 'सूक्ष्मजीवांमुळे ॲलर्जीची प्रतिक्रिया उद्भवू शकते' या अर्थाचं. गंमत वाटेल, पण त्यांच्या यादीत रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर आहेत, ज्यांना आपण जैविक खत म्हणून ओळखतो. तेच रायझोबियम आपण बियाण्याला गुळाच्या पाण्यात उघड्या हातानं चोळतो. निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. दम्याच्या माणसानं भुकटीचं पाकीट नाकासमोर फोडू नये, एवढंच त्या वाक्याचं म्हणणं.

मग तिकडचा माल जास्त घातक आहे का?

नाही. एकच द्रव दोन देशांच्या बाटल्यांत भरलं तर धार तीच राहते. एका बाटलीवर ती लिहिलेली असते, दुसरीवर नसते. इशारे जास्त म्हणजे माल वाईट, असा निष्कर्ष काढून आपण खरं सांगणाऱ्यालाच शिक्षा करतो आणि गप्प राहणाऱ्याचा खप वाढवतो. दुकानदारांनी तरी हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला हवं.

आपल्या कायद्यात काहीच नाही असं नाही

२०२१ च्या दुरुस्तीनं मागितलेली कागदपत्रं पाहिली तर समाधान वाटतं. तोंडावाटे, कातडीवाटे आणि श्वासावाटे होणारी विषबाधा, कातडीचा आणि डोळ्याचा दाह, आणि पुढं पक्षी, गोड्या पाण्यातले मासे, मधमाशी, गांडूळ. म्हणजे डोळ्याचा प्रश्न कायद्यानं विचारला आहे. जड धातूंनाही मर्यादा आहेत.

आणि एक अट मला फार मोलाची वाटते. जैव उत्तेजकात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) जास्त नको. किती थोडं हे? दहा टनांचे दहा ट्रक उभे करा, त्या सगळ्या मालात मिळून एक ग्रॅम. एवढी बारीक चाळण लावायचं कारण सरळ आहे. टॉनिक मारल्याबरोबर कीडही गेली, कांडी आखूड झाली, रंग आला, असा 'रिझल्ट' दाखवायला बाटलीत न सांगता कीटकनाशक किंवा संजीवक घालण्याचा मोह असतो. युरोपात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला फळातही हीच ०.०१ ची मर्यादा लागते. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना २०१० आठवत असेल. सीसीसी या संजीवकाचे अंश सापडले आणि आपली द्राक्षं युरोपात अडकली. अख्ख्या हंगामाचा पैसा बुडाला. ते संजीवक उघडपणे वापरलं गेलं होतं. तसंच काही न सांगता टॉनिकच्या बाटलीतून आलं तर बागायतदाराला आपण काय मारलं हेही कळणार नाही.

माझं दुखणं पुढं आहे. चाचणी मागितली, अहवाल सरकारकडं गेला, पण ज्याच्या डोळ्यात थेंब उडणार आहे त्याच्यापर्यंत तो कोणत्याही चित्रानं किंवा रंगानं पोचत नाही. कीटकनाशकाला चार रंग आहेत. जैव उत्तेजकाला तशी पायरीच नाही. डोळ्याचा दाह मोजला आहे, तर बाटलीवर डोळ्याचं एक चित्र आणि 'डोळ्यात गेल्यास वीस मिनिटे पाण्याने धुवा' हे मराठीत, पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात छापायला काय हरकत आहे? नवी चाचणी नको, नवी प्रयोगशाळा नको. शाईचाच काय तो खर्च.

'नियम वाढले की छोटे उत्पादक मरतात'

या आक्षेपात तथ्य आहे. चाचण्यांना पैसा लागतो आणि गावपातळीवरचा चांगला उत्पादक त्यात चेपला जातो. पण लेबलच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही. आपल्या मालाचा सामू किती, त्यात परिरक्षक कोणतं, झिंक किती, हे ज्याला माहीत नाही त्यानं तो विकू नये. माहीत असेल तर लिहायला नव्यानं काही लागत नाही. स्वतःच्या शेतासाठी ड्रममध्ये जीवामृत करणाऱ्याला यातलं काही नको. प्रश्न विक्रीच्या बाटलीचा आहे.

'पंपाला तीस मिलीच टाकतो, त्यानं काय होणार?'

बरोबर आहे, फवाऱ्यात गेल्यावर फारसं काही होत नाही. पंधरा लिटर पाण्यात तीस मिली म्हणजे पाचशेपट पातळ. धार बोथट होते. वर्गीकरण असतं ते झाकणबंद बाटलीतल्या मूळ द्रवाचं. म्हणून लेबलवरचा इशारा मुख्यतः त्या दोन मिनिटांसाठी आहे, जेव्हा आपण सील फोडतो, झाकणात माप घेतो, ओततो. नेमकी ही दोन मिनिटं आपण उघड्या हातानं, उघड्या डोळ्यांनी, बाटली चेहऱ्याजवळ धरून घालवतो, आणि फवारताना मात्र तोंडाला फडकं बांधतो.

या हिशेबाला दोन ठिकाणी छेद जातो. एक, मिसळण. बाटलीवरचं वर्गीकरण एकट्या त्या मालाचं असतं. टॉनिक, कीटकनाशक, बुरशीनाशक आणि स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव) एकाच पंपात गेले की त्या मिश्रणाचं वर्गीकरण कोणी केलेलं नसतं. ह्युमिकमध्ये कॅल्शियम नायट्रेट पडलं तर गाळ धरतो, तो निदान डोळ्याला दिसतो. दिसत नाही ते जास्त वाईट. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले. ते बळी कीटकनाशकांचे होते, टॉनिकचे नव्हते. पण एकाच पंपात चार-पाच बाटल्या रिचवायची सवय त्यानंतरही गेलेली नाही, आणि 'हे तर टॉनिक' म्हणून सगळ्यात बेफिकिरीनं ओतली जाणारी बाटली हीच असते.

दुसरं, बाटली बदलणं. पाच लिटरचा कॅन घेतात आणि शेजाऱ्याला अर्धा लिटर देतात, थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. ह्युमिक काळंभोर असतं, हलवलं की तपकिरी फेस येतो. उन्हातून आलेल्या पोराला ते काय वाटेल, हे सांगायला नको. लेबल मूळ कॅनवर राहिलं, धार नव्या बाटलीत गेली.

दुकानात काय मागायचं?

बिल मागायचं, आणि त्यावर मालाचं नाव, बॅच लिहिलेली हवी. बाटलीवर 'जैव उत्तेजक' असा स्पष्ट उल्लेख, कोणत्या पिकाला, किती मात्रा आणि घटकांचं प्रमाण पाहायचं. घटकांऐवजी नुसतं 'गुप्त फॉर्म्युला' किंवा 'किडीवरही चालतं' असं असेल तर ती बाटली तिथंच ठेवा. कीड मारत असेल तर ते जैव उत्तेजक नाही, आणि मग चौकोन कुठं आहे, हा प्रश्न रास्त ठरतो.

आणखी एक कागद मागता येतो, जो फार थोडे लोक मागतात. सुरक्षा माहिती पत्रक, दुकानदार त्याला एमएसडीएस म्हणतात. ते सोळा भागांचं असतं. सगळं वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात घातकता, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे-चष्म्याची माहिती, नवव्यात सामू. बाटलीवर जे छापलं नाही ते बहुधा तिथं सापडतं. कोणाला विषबाधेची शंका आली तर बाटली आणि हा कागद दोन्ही डॉक्टरांकडं न्यायचे. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राकडून डॉक्टरांना चोवीस तास सल्ला मिळतो, पण त्यासाठी पोटात किंवा डोळ्यात काय गेलं हे सांगता यायला हवं.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या ह्युमिकचं पत्रक मागवून घेतलं. इंग्रजीत होतं. दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिलं होतं, डोळ्याला गंभीर इजा करते. नवव्यात सामू साडेदहा. कंपनीला माहीत होतं. भावानं चौथा भाग मराठीत लिहून काढला आणि ह्युमिकच्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. काउंटरवर पारदर्शक प्लास्टिकच्या चष्म्यांचा खोका ठेवला. पंधरवड्यानं ते शेतकरी पुन्हा आले, डोळा निवळलेला होता. त्यांनी आधी चिकटवलेला कागद वाचला, मग खोक्यातून दोन चष्मे उचलले. एक स्वतःला आणि एक सालदाराला.